नव्या आवृत्तीचा आनंद नेमका कशाचा?

२८ फेब्रुवारी ही तारीख विज्ञानशिक्षकांना वेगळी सांगायला नको. रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून आपण या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. २०२४ साली याच तारखेला संगणकाच्या जगात आणखी एक आनंदोत्सव झाला. तारीख जुळली हा केवळ योगायोग. ‘केडीई’ या नावाखाली जगभरातले स्वयंसेवक संगणकासाठी एक मुक्त डेस्कटॉप तयार करतात. त्याची ‘प्लाझ्मा ६’ ही नवी आवृत्ती त्या दिवशी प्रकाशित झाली.

मुक्त सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती आली की कार्यकर्ते जमतात, खाणेपिणे होते, भाषणे होतात, नव्या सोयी पडद्यावर करून दाखवल्या जातात. त्यानंतर काही दिवस कौतुकाचे लेख येत राहतात. परीक्षण मात्र फारसे वाचायला मिळत नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असा आपल्याकडचा रिवाज येथेही पाळला जातो. आमच्या मते मुक्त सॉफ्टवेअर ही धर्माची गाय नव्हे. ते गावच्या विहिरीसारखे सार्वजनिक काम आहे. विहीर श्रमदानाने खणली असली, तरी पाणी पिण्याजोगे आहे का हे विचारायचा हक्क प्रत्येकाला असतो. ज्या शाळेत दहा संगणकांवर तीनशे मुले शिकतात, त्या शाळेने तर हे विचारलेच पाहिजे. म्हणून या लेखात या उत्सवाचेच थोडे परीक्षण करू या.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

आधी शब्दांचा अर्थ पाहू. संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जे दिसते, म्हणजे चित्रे, खिडक्या, खालची पट्टी, आज्ञावल्यांची यादी, त्या सर्व व्यवस्थेला डेस्कटॉप म्हणतात. संगणकाची यंत्रणा आतून चालवणारी कार्यप्रणाली वेगळी आणि आपल्याशी बोलणारा हा दर्शनी भाग वेगळा. विंडोज वापरणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, कारण दोन्ही एकाच कंपनीकडून एकत्र येतात. लिनक्सवर मात्र आत एक कार्यप्रणाली आणि बाहेर अनेक डेस्कटॉपपैकी आपल्या पसंतीचा एक, अशी रचना असते.

असे सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, त्याची मूळ संहिता वाचावी, बदलावी आणि बदललेली प्रत इतरांना द्यावी, एवढे स्वातंत्र्य जेथे आहे त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तेथे हे पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते. मराठीत दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्यामुळे आपला गोंधळ व्हायचे कारण नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या दोन्हींमुळे मुक्त संगणकप्रणाली शक्य झाली, परंतु तिचा दर्शनी भाग ओबडधोबड होता. प्रत्येक आज्ञावलीची खिडकी वेगळी दिसे आणि वेगळी वागे.

जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या माथियास एट्रिख यांनी १४ ऑक्टोबर १९९६ रोजी या गोष्टीवर बोट ठेवले. सामान्य माणसाला वापरता येईल असा, सर्व भाग एकसारखे दिसतील आणि वागतील असा डेस्कटॉप बनवण्यासाठी त्यांनी मदतनिसांना हाक दिली. यातून केडीई जन्माला आले. पहिली पूर्ण आवृत्ती १२ जुलै १९९८ रोजी निघाली. केडीई ज्या ‘क्यूटी’ नावाच्या साहित्यसंचावर उभे होते, त्याचा परवाना त्या वेळी पुरेसा मुक्त नव्हता. हे न पटलेल्या मंडळींनी १९९७ मध्ये ‘ग्नोम’ हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला. पुढे २००० साली परवान्याचा प्रश्न सुटला, पण तोवर दोन्ही प्रकल्प रुजले होते. आजही ते शेजारी शेजारी नांदत आहेत.

आवृत्ती कशी निघते?

एखादी कंपनी नवे सॉफ्टवेअर बाजारात आणते तेव्हा तारीख व्यवस्थापन ठरवते आणि पगारी माणसे काम उरकतात. शेकडो स्वयंसेवक वेगवेगळ्या देशांत बसून काम करतात तेव्हा काय होते? कोणी नवी सोय घालत असतो, कोणी जुना दोष काढत असतो, कोणी वाक्यांचे भाषांतर करत असतो. सर्वांचे काम सतत बदलत राहिले, तर तपासायचे काय आणि भाषांतर करायचे कशाचे? म्हणून एका ठरलेल्या दिवसानंतर नव्या सोयी घालणे बंद करतात. याला ‘गोठवणे’ म्हणतात. त्यानंतर पडद्यावर दिसणारी वाक्येही गोठवतात, म्हणजे भाषांतरकारांच्या पायाखालची जमीन स्थिर होते. मग फक्त दोष शोधणे आणि दुरुस्त करणे उरते. चाचणी आवृत्त्या निघतात, धाडसी लोक त्या वापरून पाहतात आणि अखेर एका दिवशी संहितेच्या त्या स्थितीवर क्रमांकाचा शिक्का बसतो.

यापुढे आणखी एक टप्पा असतो आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. केडीईसारखा प्रकल्प संहिता प्रसिद्ध करतो, पण ती बहुतेकांच्या संगणकावर थेट जात नाही. फेडोरा, उबुंटू, ओपनसुसे, डेबियन अशा वितरणसंस्था ती घेतात, इतर शेकडो आज्ञावल्यांबरोबर तिची मोट बांधतात आणि वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवतात. लिहिणारा, वाटणारा आणि वापरणारा अशी ही तीन घरे आहेत. या तिघांमध्ये जो निरोप फिरतो तो बहुधा एका आकड्याचा असतो, आवृत्तीच्या क्रमांकाचा.

हा क्रमांक दशांश अपूर्णांक नाही, हे मुलांना मुद्दाम सांगावे. ५.९ नंतर ६.० येईल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात प्लाझ्माची ५.९ नंतर ५.१० आली आणि तशीच ती ५.२७ पर्यंत गेली. पहिला आकडा पाया बदलल्याचे सांगतो, दुसरा नव्या सोयी आल्याचे आणि तिसरा केवळ दुरुस्त्या झाल्याचे. पुस्तकाच्या भाषेत बोलायचे तर नव्याने लिहिलेला ग्रंथ, वाढवलेली आवृत्ती आणि शुद्धिपत्रासह पुनर्मुद्रण असे हे तीन प्रकार होत. पहिला आकडा बदलतो तेव्हा उत्सव सर्वांत मोठा असतो आणि धोकाही सर्वांत मोठा असतो.

जानेवारी २००८ चा उत्सव

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे केडीई ४.०. त्याआधीची ३.५ ही मालिका नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाली होती आणि दुरुस्त्या होत होत चांगली घोटली गेली होती. परंतु तिच्या खालचा क्यूटीचा तिसरा संच जुना झाला होता आणि त्याची जागा चौथ्या संचाने घेतली होती. तेव्हा पायाच बदलायचा तर वरची इमारतही नव्या नकाशाने बांधू, असे कार्यकर्त्यांनी ठरवले. पडद्याचा संपूर्ण दर्शनी भाग ‘प्लाझ्मा’ या नावाने नव्याने लिहिला. उपकरणांशी बोलण्यासाठी ‘सॉलिड’, ध्वनी आणि चित्रफितींसाठी ‘फोनॉन’ असे स्वतंत्र थर रचले. फायली हाताळण्यासाठी ‘डॉल्फिन’ आणि दस्तऐवज वाचण्यासाठी ‘ओक्युलर’ या आज्ञावल्या आल्या. शिक्षकांच्या उपयोगाचा ‘मार्बल’ हा संगणकावरचा पृथ्वीगोलही याच वेळी मिळाला.

प्रकाशन २००७ च्या ऑक्टोबरात व्हायचे होते. ते लांबत लांबत ११ जानेवारी २००८ रोजी झाले. पुढच्याच आठवड्यात, १७ ते १९ जानेवारीला, कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे गूगलच्या मुख्यालयात प्रकाशनाचा समारंभ झाला. इतर देशांतही कार्यकर्त्यांनी मेजवान्या केल्या. काही वर्षांच्या परिश्रमांनंतरचा तो आनंद खोटा नव्हता.

मग वापरणाऱ्यांनी ती आवृत्ती घरी बसवली. खालची पट्टी लहानमोठी करण्याची किंवा दुसऱ्या कडेला नेण्याची साधी सोय तिच्यात नव्हती. टपाल आणि दिनदर्शिकेच्या आज्ञावल्या नव्या पायावर आल्या नव्हत्या, त्यासाठी जुन्याच चालवाव्या लागत. छपाईची जुनी सविस्तर व्यवस्था गेली होती आणि तिच्या जागी आलेल्या खिडकीत पर्याय फारच थोडे होते. पडद्यावर चित्रे मांडून ठेवण्याची सवयीची रीत बदलली होती. मधूनच काही भाग बंद पडत. ३.५ मध्ये जे सहज होत असे त्यातले बरेच काही ४.० मध्ये होत नव्हते.

एवढ्यावर भागले असते तर ज्यांना नको त्यांनी जुनी आवृत्ती ठेवली असती. परंतु मे २००८ मध्ये आलेल्या फेडोरा ९ ने केडीई ४.० ही आवृत्ती घेतली आणि ३.५ चा डेस्कटॉप काढून टाकला. ज्यांनी विश्वासाने आपली प्रणाली अद्ययावत केली, त्यांच्या हाती न मागता अर्धवट डेस्कटॉप आला. ओपनसुसेने त्याच उन्हाळ्यात दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या आणि निवड वापरणाऱ्यावर सोपवली. एकच संहिता, पण वाटणाऱ्याच्या निर्णयाने तिचा परिणाम किती वेगळा होतो, हे यावरून दिसते. खुद्द टोरवाल्ड्स यांनी २००९ च्या सुरुवातीला एका मुलाखतीत आपण केडीई सोडून ग्नोमकडे वळल्याचे सांगितले.

दुसरी बाजू

लिहिणाऱ्यांची बाजू ऐकल्याशिवाय निकाल देणे योग्य नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पाया नवा असेल तर त्यावर आज्ञावल्या लिहिणाऱ्या इतरांना तो स्थिर झाल्याची ग्वाही हवी असते. ‘४.०’ हा शिक्का बसल्याशिवाय कोणी आपले काम नव्या पायावर हलवत नाही. दुसरे असे, की प्रयोगशाळेत सगळे दोष सापडत नाहीत. हजारो प्रकारचे संगणक आणि हजारो प्रकारच्या सवयी यांच्याशी गाठ पडल्यावरच ते दिसतात. वापरणारे नसतील तर दोष कळणार नाहीत आणि दोष काढल्याशिवाय वापरणारे येणार नाहीत. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही आणि उतरल्याशिवाय पोहायला येत नाही, तशी ही अडचण. म्हणून ४.० ही मालिकेची फक्त सुरुवात आहे, सर्वांनी लगेच ती वापरावी असा आग्रह नाही, असे काही प्रमुख कार्यकर्ते सांगतही होते.

हा युक्तिवाद आम्हाला बराचसा पटतो. नंतरच्या घटनांनी त्याला बळही दिले. जुलै २००८ मध्ये ४.१ आली आणि टपालाच्या आज्ञावल्या परतल्या. जानेवारी २००९ मधील ४.२ सामान्य माणसाने बिनधोक वापरावी इतकी सुधारली होती. त्या वेळी लिहिलेले डॉल्फिन, ओक्युलर आणि प्लाझ्माची मूळ कल्पना आजही कामात आहे. पाया पक्का नसता तर इमारत एवढी वर्षे टिकली नसती. आणि हेही नोंदवले पाहिजे, की त्या काळात विनामोबदला काम करणाऱ्या माणसांवर जी वैयक्तिक शेरेबाजी झाली, तिचे समर्थन करता येत नाही. सॉफ्टवेअरवर टीका करणे आणि ते लिहिणाऱ्याला शिव्या देणे यांत फरक आहे.

आमचा आक्षेप

मग आक्षेप कशाला? काम अपुरे होते याला आमचा आक्षेप नाही. संशोधनात प्रत्येक निष्कर्ष कोणत्या ना कोणत्या अर्थाने अपुराच असतो. आक्षेप आहे तो अपुरेपणा सांगण्याच्या जागेला. उत्सव मोठ्या व्यासपीठावर झाला आणि सावधगिरीचा इशारा लहान अक्षरांत राहिला. घोषणापत्राचा सूर एका नव्या पर्वाच्या आरंभाचा होता आणि भर नव्या सोयींवर होता. इशारे होते, पण ते कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या लिखाणात विखुरलेले होते. वितरणसंस्थेपर्यंत आणि वापरणाऱ्यापर्यंत पोहोचला तो फक्त आकडा. आणि त्या आकड्याचा अर्थ तिन्ही घरांत वेगळा लावला गेला. लिहिणाऱ्याच्या मते ४.० म्हणजे ‘पाया तयार’. वाटणाऱ्याच्या मते ‘नवे, म्हणून द्यावे’. वापरणाऱ्याच्या मते ‘३.५ पेक्षा चांगले’. कोणी खोटे बोलले नाही, तरीही फसगत झाली.

व्हर्निअर कॅलिपरने गोळीचा व्यास मोजणाऱ्या मुलाला आपण काय शिकवतो? उत्तर नुसते लिहू नको, उपकरणाचे लघुतम माप सांग, त्याची शून्यत्रुटी सांग. त्रुटीची मर्यादा सांगितल्याने मापनाची किंमत कमी होत नाही, उलट त्यावर किती विसंबावे हे कळते. ज्या निष्कर्षासोबत मर्यादा सांगितलेली नाही, त्यावर अनुभवी संशोधक सहसा विश्वास ठेवत नाही. आवृत्तीचा क्रमांक हेदेखील एक प्रकारचे मापन आहे. ‘आमचे काम येथवर आले आहे’ असे ते सांगते. त्यालाही त्रुटीची मर्यादा जोडलेली हवी आणि ती उत्सवाच्या त्याच व्यासपीठावरून, त्याच आवाजात सांगितलेली हवी.

हा दोष केवळ केडीईचा नाही. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमने ३.० आवृत्ती काढली तेव्हा जवळपास तेच नाट्य घडले. सवयीची खालची पट्टी आणि यादी गेली, नवी रीत आली. टोरवाल्ड्स तेथूनही निघाले आणि ‘एक्सएफसीई’ या तिसऱ्या, साध्या डेस्कटॉपकडे गेले. परंतु या दोन्ही प्रसंगांत मुक्त सॉफ्टवेअरचे खरे सामर्थ्यही दिसले. संहिता सर्वांची असल्यामुळे जुने ज्यांना हवे होते त्यांनी ते मरू दिले नाही. केडीई ३.५ ची संहिता घेऊन ‘ट्रिनिटी’ आणि ग्नोम २ ची संहिता घेऊन ‘मॅटे’ हे डेस्कटॉप निघाले. दोन्ही आजही चालू आहेत. कंपनीच्या मालकीचे सॉफ्टवेअर असते, तर कंपनीने जुने बंद केल्यावर वापरणाऱ्याच्या हाती काही उरले नसते. नव्या आवृत्तीचा उत्सव करताना जुनी जिवंत ठेवणाऱ्या या मंडळींची आठवण सहसा कोणी काढत नाही. आमच्या मते तेही तितक्याच सन्मानाचे मानकरी आहेत.

सोळा वर्षांनंतर

आता प्लाझ्मा ६ कडे वळू. येथेही पाया बदलला. क्यूटीचा पाचवा संच जाऊन सहावा आला. पडद्यावर चित्र उमटवण्याची ‘एक्स ११’ ही १९८७ पासूनची पद्धत मागे पडून ‘वेलँड’ ही नवी पद्धत नेहमीसाठी निवडली गेली. म्हणजे धोका २००८ इतकाच होता. तरीही तसा गोंधळ झाला नाही. का?

याची कारणे शोधण्यासारखी आहेत. पहिले असे, की पाया बदलताना घराचे रूप बदलले नाही. प्लाझ्मा ५ वापरणारा माणूस ६ समोर बसला तरी त्याला काही नव्याने शिकावे लागत नव्हते. बदल झाले ते बेताचे. उदाहरणार्थ, फाइल उघडण्यासाठी एका टिचकीऐवजी दोन टिचक्या, जी सवय बहुतेकांना इतर प्रणालींमुळे आधीच असते. दुसरे कारण, चाचणीचा क्रम. नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या तीन महिन्यांत एक प्राथमिक, दोन चाचणीच्या आणि दोन अंतिमपूर्व अशा पाच आवृत्त्या काढून त्यांवर दोष शोधून घेतले. ज्यांना दोष शोधायचे आहेत त्यांच्यासाठी वेगळे नाव आणि ज्यांना काम करायचे आहे त्यांच्यासाठी वेगळे, हा भेद पाळला गेला. तिसरे, परतीची वाट. फेब्रुवारी २०२३ मध्ये निघालेली ५.२७ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती म्हणून राखली होती आणि नव्या आवृत्तीतही संगणकात प्रवेश करताना जुनी एक्स ११ पद्धत निवडता येत होती. चौथे, दुरुस्तीची तयारी. ६.०.१ ही पहिली दुरुस्त आवृत्ती आठवडाभरात, ६ मार्चला आली.

दोष नव्हते असे नाही. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या अनेक संगणकांवर नव्या पद्धतीत पडदा लुकलुकत असे. त्यावरचा नीट उपाय जून २०२४ मधील ६.१ आवृत्तीत आला. बाहेरच्या हौशी लोकांनी प्लाझ्मा ५ साठी लिहिलेल्या छोट्या जोडण्या आणि सजावटी सहाव्या आवृत्तीत चालेनाशा झाल्या. ज्यांनी त्या लिहिल्या, त्यांना पुन्हा काम करावे लागले. पण एकंदर पाहता, २००८ चा धडा या प्रकल्पाने नीट गिरवला असे म्हणावे लागेल. आमच्या मते प्लाझ्मा ६ चे खरे यश तिच्या नव्या सोयींपेक्षा या काळजीत आहे.

एक उणीव मात्र अजून जाणवते. उत्सवाच्या दिवशी नव्या सोयींची यादी होते, भाषांची होत नाही. प्रत्येक आवृत्तीबरोबर पडद्यावर नवी वाक्ये येतात. ज्या भाषेत काम करणारे थोडे, त्या भाषेचे भाषांतर जागच्या जागी थांबले तरी मागे पडते, कारण पुढचे पाऊल इतरांनी टाकलेले असते. मराठीसारख्या भाषेसाठी हा प्रश्न खरा आहे. केडीईच्या भारतीय कार्यकर्त्यांचे संमेलन २०२४ च्या फेब्रुवारीतच पुण्यात सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठात भरले होते. आपल्याकडे संहिता लिहिणारे हात आहेत. ‘फाइल उघडता आली नाही’ असे साधे मराठी वाक्य लिहिणारे हातही त्यांच्या जोडीला हवेत आणि ते शिक्षकांचे असू शकतात.

शाळेपुरते बोलायचे तर

हा विषय शिक्षकांपुढे मांडण्याचे एक तातडीचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार संपला. त्यानंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्या काही अटींवर आणि मर्यादित काळासाठीच मिळतात. विंडोज ११ साठी संगणकात ठरावीक सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, जो अनेक जुन्या यंत्रांत नसतो. योगायोगाने तो दिवस केडीईचा एकोणतिसावा वाढदिवस होता. चालू स्थितीतले संगणक भंगारात काढू नका, त्यांवर मुक्त प्रणाली बसवा, असे आवाहन केडीईनेही केले. ते योग्यच आहे. आकाशाचा नकाशा दाखवणारे ‘केस्टार्स’, आवर्तसारणीचे ‘कॅल्झियम’, लहान मुलांसाठी ‘जीकॉम्प्रिस’ अशा केडीईच्या आज्ञावल्या विज्ञानाच्या तासाला उपयोगीही आहेत.

परंतु आवाहन वाचून त्याच आठवड्यात नवी कोरी आवृत्ती सर्व संगणकांवर चढवणे शहाणपणाचे नाही. केरळचे उदाहरण पाहा. तेथील सरकारी शाळांत मुक्त प्रणाली दीर्घकाळ वापरात आहे आणि त्यासाठी ‘काइट’ ही राज्याची संस्था स्वतःची प्रणाली तयार करून देते. तिने २०२४ मध्ये दिलेली प्रणाली उबुंटूच्या २०२२ सालच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर आधारलेली होती. म्हणजे दोन वर्षे वापरून झालेली, दोष निघून गेलेली. शाळेला नवेपणापेक्षा खात्री अधिक लागते. उत्सव करणाऱ्याचे घड्याळ आणि शाळेचे घड्याळ वेगळे असते, हे त्यांनी ओळखले आहे.

म्हणून कोणतीही नवी आवृत्ती घेण्यापूर्वी शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारावेत. (१) ही आवृत्ती किती काळ दुरुस्त होत राहणार? (२) न जमल्यास जुन्याकडे परतता येईल का? (३) आपला छापणी-यंत्र, प्रोजेक्टर आणि मराठी टंकलेखन तिच्यावर चालते का? (४) कोणकोणत्या गोष्टी अजून अपुऱ्या आहेत, हे करणाऱ्यांनी कोठे लिहिले आहे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर आणखी एक-दोन दुरुस्त आवृत्त्या येईपर्यंत थांबावे. आणि घ्यायचे ठरल्यावरही आधी एका संगणकावर, तोही सुटीत, प्रयोग करावा.

या व्यवहारात घेणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला तर तो कळवण्याची व्यवस्था असते. ‘चालत नाही’ एवढे कळवून उपयोग नाही. कोणती आवृत्ती, कोणता संगणक, काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि पुन्हा तसेच केल्यावर पुन्हा तसेच होते का, एवढे लिहावे लागते. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान लिहायला लावणाऱ्या विज्ञानशिक्षकाला हे वेगळे शिकवावे लागणार नाही. आठवी-नववीच्या मुलांकडून अशी एखादी दोषनोंद तयार करून घेतली, तर निरीक्षण काटेकोर का हवे ते त्यांना चांगले उमगेल. शिवाय दूर देशातला कोणी अनोळखी माणूस त्यांच्या नोंदीमुळे एक दोष दुरुस्त करील. सार्वजनिक कामात भाग घेण्याचा हा लहान पण खरा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट वर्गात सहज करता येईल. विज्ञान प्रदर्शनात मुले आपले प्रकल्प मांडतात तेव्हा फलकावर फक्त यश लिहिलेले असते. या वर्षी प्रत्येक गटाला फलकाच्या खाली त्याच आकाराच्या अक्षरांत आणखी तीन ओळी लिहायला सांगाव्यात: काय चालते, काय अजून चालत नाही आणि पुढच्या वेळी काय सुधारणार. दुसरी ओळ लिहिताना मुले अडखळतील, लाजतील. ती लिहिणाऱ्या गटाचे कौतुक सर्वांसमोर करावे.